ऑनर्स : मानाचे पान कोणापुढे?

शिक्षणाच्या क्षेत्रात नवा शब्द दाखल झाला की आपल्या समाजाने पहिला प्रश्न एकच विचारला पाहिजे : हा शब्द कोणाच्या मुलांसाठी आला आहे? ‘मेरिट’ हा शब्द आपल्या तोंडावर फेकला गेला तेव्हा आपण हा प्रश्न विचारला होता. आता ‘ऑनर्स’ची पाळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली आणि चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्याच्या पदवीला ‘ऑनर्स’ हे बिरूद लावले. महाविद्यालयांच्या फलकांवर, प्रवेश पुस्तिकांत, प्राचार्यांच्या भाषणांत हा शब्द झळकतो आहे. ऑनर म्हणजे मान. पंगत तीच, यजमान तोच. फक्त काही पाने मानाची ठरवली गेली आहेत. पंगतीत कोणाला कोठे बसवतात, याचा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?

हा मान वाटण्याचा उद्योग अमेरिकेत शंभर वर्षांपासून चालू आहे. म्हणून आज आम्ही वाचकांना तेथील एका विद्यापीठाच्या आवारात नेणार आहोत. शहर आपल्याला परके नाही. ज्या न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तेच हे शहर. आपल्याकडे जे आज सुरू होत आहे, त्याची पुढची पाने तेथे लिहून झालेली आहेत. ती वाचली तर आपल्या मुलांसाठी काय मागायचे, हे आपल्याला नेमके कळेल.

आधी हे ऑनर्स कॉलेज म्हणजे काय ते पाहू. १९२२ साली स्वार्थमोर या छोट्या खासगी महाविद्यालयात फ्रँक आयडलॉट नावाच्या अध्यक्षाने ऑक्सफर्डच्या धर्तीवर निवडक विद्यार्थ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. मोजके विद्यार्थी, व्याख्यानांऐवजी चर्चा आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून परीक्षा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे सरकारी विद्यापीठांनी ही कल्पना उचलली. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातच एक लहानसे कॉलेज काढायचे, त्यात निवडक मुले घ्यायची आणि त्यांना इतरांना न मिळणाऱ्या गोष्टी द्यायच्या. अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजला तर २००९ साली टेम्पे शहरातील आवारात स्वतःचा वेगळा परिसर मिळाला. वसतिगृहे वेगळी, भोजनगृह वेगळे, वर्गखोल्या वेगळ्या. विद्यापीठ सर्वांचे, पण आतली वस्ती निराळी. गावाच्या आत गाव कसे असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे ऑनर्स कॉलेज २००१ साली सुरू झाले. आज त्याचे नाव मॅकॉले ऑनर्स कॉलेज आहे. हा मॅकॉले इंग्रजी शिक्षण आणणारा लॉर्ड मॅकॉले नव्हे. विल्यम मॅकॉले हा न्यूयॉर्कचा धनिक, सिटी कॉलेजचा १९६६ चा पदवीधर. त्याने आणि त्याच्या पत्नीने २००६ साली तीन कोटी डॉलर्सची देणगी दिली, तेव्हापासून हे नाव लागले. हा धनिक सिटी कॉलेजात शिकला तेव्हा तेथे शिक्षण शुल्क नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

या ऑनर्स कॉलेजच्या विद्यार्थ्याला काय मिळते? न्यूयॉर्क राज्याचा रहिवासी असेल तर संपूर्ण शिक्षण शुल्क माफ. स्वतःचा लॅपटॉप. शहरातील संग्रहालये आणि कलासंस्था यांत मोफत किंवा सवलतीत प्रवेश देणारा ‘कल्चरल पासपोर्ट’. परदेशी अभ्यास, संशोधन किंवा बिनपगारी उमेदवारी करण्यासाठी वेगळा निधी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावानिशी ओळखणारा सल्लागार. कोणता विषय घ्यावा, कोणती शिष्यवृत्ती मागावी, कोणत्या तारखेच्या आत अर्ज करावा, हे सांगणारा माणूस.

तेथील विद्यार्थी कार्यक्रमही पाहण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कलांवर चर्चासत्र असते आणि त्यासाठी नवे विद्यार्थी ब्रुकलिन म्युझियममध्ये एक संध्याकाळ घालवतात. सोबत मार्गदर्शक नसतो. लहान लहान गट करून चित्रांपुढे उभे राहायचे आणि आपल्याला काय दिसते ते आपसांत बोलायचे. दुसऱ्या चर्चासत्रात शहर कोणी वसवले याचा अभ्यास असतो. मुले स्थलांतरितांच्या वस्त्यांत जातात, माणसांशी बोलतात. विज्ञानाच्या चर्चासत्रासाठी ‘बायोब्लिट्झ’ भरतो. एखाद्या बागेत वैज्ञानिकांच्या सोबतीने दिवसभरात जेवढ्या वनस्पती, पक्षी, कीटक सापडतील त्यांची मोजदाद करायची. २०१३ साली हा कार्यक्रम सेंट्रल पार्कमध्ये झाला होता. सगळी मुले एकाच दिवशी शहराचे एकेक छायाचित्र काढतात आणि त्यांचे प्रदर्शन मांडतात. मॅनहॅटनच्या ६७ व्या रस्त्यावर कॉलेजची स्वतःची इमारत आहे. विद्यापीठाच्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत विखुरलेली ही मुले तेथे एकत्र येतात, बसतात, वाद घालतात.

हे वाचून आम्हाला राग आला नाही, उलट आनंद वाटला. शिक्षण असेच असले पाहिजे. कामगाराच्या, टॅक्सीचालकाच्या, नुकत्याच देशात आलेल्या निर्वासिताच्या मुलाला संग्रहालयाचे दार मोकळे व्हावे, त्याने चित्रापुढे उभे राहून स्वतःचे मत सांगावे, याहून चांगले काय असणार? आणि ऑनर्स कॉलेजात अशा घरांतली मुले आहेतच. आमचा प्रश्न वेगळा आहे. सिटी युनिव्हर्सिटीत सुमारे पंचवीस महाविद्यालये आणि दोन लाखांहून अधिक विद्यार्थी आहेत. ऑनर्स कॉलेजात दोन हजारांच्या आसपास. मग उरलेल्यांचे कॅम्पस जीवन कसे असते?

उरलेले बहुतेक विद्यार्थी घरून येतात. भुयारी रेल्वेने तास-दीड तास प्रवास करतात, तास झाला की कामावर धावतात. कोणी उपाहारगृहात, कोणी दुकानात, कोणी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेत. त्यांच्यासाठी संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे बुडालेला पगार. ही अडचण ओळखून तेथील अनेक महाविद्यालयांनी एक साधी व्यवस्था केली आहे. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी भर दुपारी दीड-दोन तास वर्ग ठेवायचेच नाहीत. या वेळेला ‘क्लब अवर्स’ म्हणतात. विद्यार्थी संघटनांच्या सभा, भाषणे, नाटकाच्या तालमी, सण-समारंभ सगळे त्या वेळेत. कामावर जाणारा विद्यार्थीही त्यात बसू शकतो. याला पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक करताना गरीब विद्यार्थी डोळ्यांपुढे असावा लागतो. आपल्या वाचकांपैकी जे प्राध्यापक आहेत त्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी.

आता या विद्यापीठाच्या इतिहासाकडे वळू. सिटी कॉलेजची स्थापना १८४७ ची. ‘फ्री अकॅडमी’ हे तिचे मूळ नाव. गरिबांच्या मुलांना मोफत उच्च शिक्षण, हा तिचा पाया. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची मुले येथे शिकली आणि मोठी झाली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ११६ व्या रस्त्यावर शिकत होते, तेव्हा सिटी कॉलेज तेथून जेमतेम दीड-दोन किलोमीटर उत्तरेला, हार्लेमच्या टेकडीवर उभे होते. पण हार्लेममध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीयांची मुले मात्र पुढेही कित्येक दशके त्या कॉलेजात अभावानेच दिसत. दार उघडे होते, शुल्क नव्हते. पण प्रवेशाला शाळेतील गुण लागत आणि हार्लेमच्या शाळा मुलांना तेथवर पोहोचवतच नव्हत्या. याला मेरिट म्हणायचे!

१९६५ साली सिटी कॉलेजात या मुलांसाठी एक विशेष योजना सुरू झाली. पुढे ती ‘सीक’ या नावाने विद्यापीठभर पसरली. शाळेने ज्यांना कच्चे ठेवले त्यांना जादा शिकवणी, विद्यावेतन आणि सल्लागार. या मुलांना लिहायला शिकवायला कोण होते? ऑड्री लॉर्ड, एड्रिएन रिच, जून जॉर्डन, टोनी केड बम्बारा. पुढे अमेरिकन साहित्यात ज्यांची नावे झाली अशा लेखिका. मीना शॉनेसी या प्राध्यापिकेने या मुलांचे हजारो निबंध वाचले. ज्या चुकांना इतर लोक मूर्खपणा म्हणत होते त्यांत एक तर्क आहे, शिकणाऱ्याचा प्रयत्न आहे, असे तिने १९७७ साली पुस्तक लिहून दाखवून दिले. शेवटच्या बाकावरच्या मुलाला उत्तम शिक्षक द्यावा, असा हा विचार होता.

तरीही जागा थोड्याच होत्या. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या दक्षिणेकडील आवाराचा ताबा घेतला आणि त्याला ‘हार्लेम विद्यापीठ’ असे नाव दिले. त्यांच्या पाच मागण्या होत्या. आपल्या लोकांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय हवे. नव्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा परिचय कार्यक्रम हवा. ‘सीक’ योजनेच्या कारभारात विद्यार्थ्यांचा आवाज हवा. शहरातील शाळांत आमची मुले ज्या प्रमाणात आहेत त्या प्रमाणात कॉलेजात दिसली पाहिजेत. आणि जे शिक्षक होणार आहेत त्यांना आमचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा शिकणे सक्तीचे करा. पाचांपैकी दुसरी मागणी पाहा. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी आवारात पाय ठेवतो तेव्हा त्याचे स्वागत कसे होते, ही बाब त्या मुलांनी प्रमाणशीर प्रवेशाच्या बरोबरीने मांडली होती. विद्यापीठाला नामांतर मागणाऱ्या आणि त्यासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत किंमत मोजणाऱ्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आवार आपले वाटणे, हा शिक्षणाचाच भाग आहे.

लढा वाया गेला नाही. १९७५ साली येणार असलेले खुले प्रवेश धोरण १९७० सालीच आले. शहरातील शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली. एका वर्षात प्रथम वर्षाची संख्या सुमारे वीस हजारांवरून पस्तीस हजारांच्या आसपास गेली. गंमत अशी, की या धोरणाचा लाभ संख्येने सर्वाधिक कोणाला झाला? गोऱ्या कामगार वर्गाच्या मुलांना. इटालियन, आयरिश घरांतील जी मुले यापूर्वी कॉलेजचे तोंड पाहत नव्हती ती आत आली. लढले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन, दार उघडले सगळ्या गरिबांसाठी. मंडल आयोगाच्या वेळी आंबेडकरी कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या इतिहासात आपलाच चेहरा दिसेल.

पण पुढे काय झाले? १९७६ साली शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि १२९ वर्षे शुल्क न घेणाऱ्या या संस्थेत शिक्षण शुल्क लागू झाले. कारण पैशाचे होते, हे खरे. पण ज्यू मुलांच्या काळात, महामंदीच्या काळातही जे शुल्क लागले नव्हते, ते कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुले आत येऊन सहा वर्षे होत नाहीत तोच लागले, हेही खरे. १९९० च्या दशकात ‘दर्जा घसरला’ अशी ओरड सुरू झाली. दशकाच्या अखेरीस चार वर्षांच्या महाविद्यालयांतून कच्च्या विद्यार्थ्यांचे पूरक वर्ग काढून टाकण्याचा निर्णय झाला. ज्यांना त्यांची गरज होती ती मुले दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांकडे वळवली गेली. आणि लगेच, २००१ साली, ऑनर्स कॉलेज सुरू झाले. एका हाताने तळाची शिडी काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने गच्चीवर मखर मांडले. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रमाण ऑनर्स कॉलेजात संपूर्ण विद्यापीठापेक्षा कमी आहे, ही टीका तेथेच होत आली आहे.

आता त्या धनिकाची गोष्ट पुन्हा पाहा. तो स्वतः अशा काळात शिकला, की शुल्क कोणालाच नव्हते. पहिल्या बाकावरच्यालाही नाही, शेवटच्या बाकावरच्यालाही नाही. त्याने कृतज्ञतेने देणगी दिली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण एके काळी जे सर्वांचा हक्क होते, ते आता निवडक मुलांचे बक्षीस झाले. हक्काचे बक्षीस झाले की मागणारा याचक होतो. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

येथे प्रस्थापित विचारतील, हुशार मुलांवर जास्त खर्च केला तर बिघडले कोठे? त्यांच्यात गुण आहेत म्हणूनच ते फळ देतात. सगळ्यांना दिले तर पैसा वाया जाईल. या प्रश्नाचे उत्तर त्याच विद्यापीठाने दिले आहे. २००७ साली तेथील कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाची योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याला काय मिळते? शुल्काची उरलेली रक्कम माफ. पाठ्यपुस्तके. दर महिन्याचा रेल्वे-बसचा पास. जादा शिकवणी. आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार. अट एवढीच, की पूर्ण वेळ शिकायचे. म्हणजे ऑनर्स कॉलेजच्या थाळीतलेच बरेचसे पदार्थ, पण गरीब घरांतील आणि ज्यांना गणित वा इंग्रजीत कच्चे ठरवले होते अशा विद्यार्थ्यांच्या पानात.

या योजनेची तपासणी एमडीआरसी या संशोधन संस्थेने केली. तीन कॉलेजांतील ८९६ विद्यार्थी घेतले, चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला योजना, दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांनी पदविका पूर्ण करणारे पहिल्या गटात ४० टक्के निघाले, दुसऱ्यात २२ टक्के. जवळजवळ दुप्पट! दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारे इतके वाढले, की दर पदवीधरामागचा खर्च उलट कमी आला. पुढे ओहायो राज्यातील कॉलेजांतही हाच प्रयोग केला, तेथेही असेच घडले.

दोन्ही गटांतील मुले सारखीच होती. फरक होता तो व्यवस्थेचा. म्हणजे गुणवत्ता म्हणून आपण ज्याची आरती ओवाळतो, त्यातला मोठा भाग बसचा पास, पुस्तक आणि विचारपूस करणारा माणूस यांचा असतो. आमच्या मते या लेखात वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे एकच वाक्य असेल तर ते हे.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. त्यांची प्रज्ञा असामान्य होती. पण सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली नसती, तर ती प्रज्ञा मुंबईच्या चाळीत कोंडली गेली असती. कोलंबियात ते आधी हार्टली हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तेथे नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना मिळाला, तो जन्मभराचा. वर्गात जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे गुरू होते. ग्रंथालयाचे दार बंद होईपर्यंत बसता येत होते आणि शेजारी बसलेला माणूस जात विचारत नव्हता. पुढे १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात त्यांनी लिहिले, की आयुष्यातील उत्तम मित्र आपल्याला तेथील सहाध्यायांत आणि प्राध्यापकांत मिळाले. कॅम्पस जीवनाचे महत्त्व याहून अधिक कोण सांगणार?

म्हणूनच त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा केवळ वर्गखोल्या बांधल्या नाहीत. १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत काम करणाऱ्याला शिकता यावे. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरे आणि देशाचे कायदेमंत्री स्वतः तिच्यापुढे बोलत. औरंगाबादेत १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयात, म्हणजे आजच्या मिलिंदमध्ये, प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. दलित रंगभूमीचा प्रवास महाविद्यालयाच्या रंगमंचावरून सुरू होतो! त्याच परिसरातून ‘अस्मितादर्श’ आले आणि एक अख्खी लेखक-पिढी उभी राहिली. तेथे कोणी ऑनर्स कॉलेज म्हणून फलक लावला नव्हता. गावकुसाबाहेरून आलेल्या, पायात चप्पल नसलेल्या प्रत्येक मुलाला तो मान होता.

याच्या उलट चित्रही आपल्या देशाने पाहिले आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळाला कंटाळून वसतिगृहांच्या ठराविक भागांत एकवटले होते. खेळांत आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत त्यांना बाजूला ठेवले जात होते. कायद्याने प्रवेश मिळाला, आवार मात्र मिळाले नाही. जागा आरक्षित करता येते. दोस्ती, नाटकातली भूमिका आणि संघातले स्थान यांसाठी मात्र प्रशासनाची इच्छा लागते.

आता आपल्या राज्याकडे या. संलग्न महाविद्यालयांना हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२ चा आराखडा आम्ही वाचला आहे. एक वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.चे दार उघडे. कागदावर हे सर्वांसाठी आहे. पण बाहेर पडण्याची दारे कोणासाठी ठेवली आहेत? ज्याचा बाप डॉक्टर आहे तो मुलगा पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार आहे काय? बाहेर पडणार तो उसाच्या फडावर जाणाऱ्या घरातला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाचा, लग्नाची घाई झालेल्या घरातली मुलगी. पूर्वी याला गळती म्हणत. आता तिला प्रमाणपत्र मिळेल.

शिवाय संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात संशोधन मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायम प्राध्यापक लागतात. ग्रामीण महाविद्यालयांत विभागच्या विभाग तासिका तत्त्वावर चालतात. तेथल्या मुलीला ७५ टक्के मिळाले तरी तिने चौथे वर्ष करायचे कोठे? शहरात. शहरात राहायचे कोठे? आमच्याकडे जी प्रकरणे येतात त्यांत हाच क्रम असतो. वसतिगृहाची यादी उशिरा, स्वाधारचे पैसे उशिरा, शिष्यवृत्ती उशिरा आणि महाविद्यालय मात्र टी.सी. अडवण्यात वेळेवर. अशा मुलाला गॅदरिंग, युवक महोत्सव, वक्तृत्व स्पर्धा कसली? तो दुपारी वर्गातून निघतो आणि रात्रपाळीला जातो. त्याचे नाव आवारात कोणाला ठाऊक नसते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता, वसतिगृह आणि स्वाधार यांचा लाभ चौथ्या वर्षालाही विनाअट मिळावा आणि तसा शासन निर्णय प्रवेश सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयांच्या फलकावर लागावा. दोन, पीएच.डी. प्रवेशाच्या २०२२ च्या विनियमांत मागासवर्गीयांना गुणांत पाच टक्के सवलत आहे. तीच संशोधन-ऑनर्सच्या ७५ टक्क्यांच्या अटीला स्पष्ट शब्दांत लागू करावी. तीन, प्रमाणपत्र वा पदविका घेऊन कोण बाहेर पडले, याची प्रवर्गनिहाय आणि स्त्री-पुरुषनिहाय आकडेवारी प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावी. चार, प्रथम वर्षाच्या प्रत्येक पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नावानिशी एक मार्गदर्शक शिक्षक आणि एस.टी. वा लोकलचा पास मिळावा. पाच, विद्यार्थी कार्यक्रम कामकरी विद्यार्थ्याला जमतील अशा वेळेत, वर्गांच्या वेळापत्रकातच बसवावेत. घटनेच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ही काळजी कशी घ्यायची हे आता कोणी आम्हाला विचारू नये. वर आकड्यांसह सांगितले आहे.

पण सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत, कर्मचारी संघटनांत, विहारांत ‘गुणवंतांचा सत्कार’ होतो. नव्वद टक्क्यांच्या मुलाला ट्रॉफी, पुष्पगुच्छ, पेन आणि पाहुण्यांचे भाषण. पंचेचाळीस टक्क्यांचा मुलगा मागे खुर्च्या लावत असतो. आपणही छोटे ऑनर्स कॉलेजच चालवत नाही काय? सत्कार जरूर करा. पण ट्रॉफ्यांच्या खर्चातून दहा मुलांचे वर्षभराचे पास निघत असतील, निवृत्त अधिकाऱ्यांपैकी प्रत्येकाने पाच मुलांची नावे वहीत लिहून महिन्यातून एकदा त्यांची विचारपूस केली, अर्जाच्या तारखा सांगितल्या, एखाद्या रविवारी त्यांना ग्रंथालयात किंवा संग्रहालयात नेले, तर काय होईल? न्यूयॉर्कमध्ये याच गोष्टींनी २२ चे ४० झाले.

विहारांच्या समित्यांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि वकील मंडळींनी येत्या प्रवेशाच्या हंगामात एवढे काम अंगावर घ्यावे. प्रत्येक तालुक्यात एक टेबल मांडावे, तेथे कागदपत्रांची आणि अर्जाच्या तारखांची माहिती मिळावी आणि ज्याला तिसऱ्या वर्षानंतर, दुसऱ्या वर्षानंतर, पहिल्याच वर्षानंतर बाहेर पडावे लागत आहे त्या प्रत्येकाचे नाव व कारण लिहून घ्यावे. ती यादी हातात असेल, तर शासनदरबारी आणि गरज पडली तर न्यायालयात बोलायला आम्ही तयार आहोत.